हॅच लिफ्ट संच: बॅटरी बसल्यावर इंजिनाचं झाकण उघडतं का?

बोटीच्या इंजिनावरचं झाकण उचलणारा बारा व्होल्टचा हॅच लिफ्ट संच ऑनलाइन काही हजारांत घरपोच येतो. खोक्यात एक लिनिअर अ‍ॅक्च्युएटर, दोन ब्रॅकेट, तो ब्रॅकेटला अडकवणाऱ्या दोन क्लेव्हिस पिना, एक रॉकर स्विच, पाच मीटर दुहेरी वायर आणि महागड्या संचात रिमोटची पेटी. बटण दाबलं की इंजिनावरचं जड फायबरचं झाकण आपोआप उभं राहतं. जाहिरातीत दिसतं ते इतकंच. झाकणाखाली इंजिनाशेजारीच बॅटरी असते आणि ती बसली की झाकण उघडणारी मोटरही बसते, हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नाही. म्हणून हे परीक्षण संच किती वजन उचलतो याचं कमी आणि वीज नसताना तो काय करतो याचं जास्त आहे.

हे कोणासाठी आहे ते आधी सांगतो. ज्यांच्या बोटीला मागे बाहेरच्या बाजूला आउटबोर्ड इंजिन टांगलेलं आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. इंजिनाचं टोपण हाताने एक खिटी फिरवून निघतं. सांगलीत पुराच्या वेळी कृष्णेत उतरणाऱ्या रबरी बोटीही आउटबोर्डवरच चालतात. प्रश्न आहे तो इनबोर्डवाल्यांचा: कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोली, मुनावळे भागात चालणाऱ्या, मागच्या बैठकीखाली इंजिन असलेल्या बोटींचा. तिथे बोट मध्येच बंद पडली तर साताऱ्याहून मिस्त्री कास ओलांडून येईपर्यंत अर्धा दिवस जातो आणि मोबाइलला रेंज मिळेलच असंही नाही.

आत काय आहे

अ‍ॅक्च्युएटर म्हणजे छोटी डीसी मोटर, गिअर आणि लांब आट्यांचा स्क्रू. स्क्रूचे आटे इतके कमी उताराचे असतात की मोटर फिरवली तर दांडा हलतो, पण दांडा ढकलून मोटर फिरत नाही. यामुळेच वीज गेल्यावर उघडं झाकण डोक्यावर कोसळत नाही. आणि यामुळेच बंद झाकण कितीही जोर लावला तरी वर येत नाही. गुण आणि दोष एकाच आट्यात आहेत. पहार घालून झाकण उचकटायला गेलात तर दांडा तसाच राहील. आधी जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) तडकेल, मग ब्रॅकेटचे स्क्रू फायबरमधून उपटून येतील आणि हजारांचं काम दहा हजारांवर जाईल.

दोन्ही टोकांना आतमध्ये लिमिट स्विच असतात. दांडा पूर्ण खाली गेला की खालचा स्विच उघडतो आणि त्या दिशेचा करंट तुटतो. डायोडमुळे फक्त वर जाणारा करंट वाहू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

'दीडशे किलो' हा आकडा

१,५०० न्यूटन म्हणजे साधारण १५० किलो असं छापलेलं असतं. झाकण ४० किलोचं, मग चौपट ताकद आहे असं वाटतं. गणित तसं नाही. झाकण १.२ मीटर लांब धरा, वजनाचा मध्य बिजागरीपासून ०.६ मीटरवर. बहुतेक बोटींत इंजिनामुळे जागा नसते, म्हणून ब्रॅकेट बिजागरीपासून जेमतेम २० सेंटिमीटरवर लागतं आणि बंद स्थितीत दांडा झाकणाशी ३० अंशांत आडवा झोपलेला असतो. त्या पहिल्या क्षणी लागणारा जोर सुमारे २,३५० न्यूटन होतो, म्हणजे २४० किलोच्या आसपास. १,५०० चा संच तिथे नुसता घुरघुरतो. तोच दांडा ६० अंशांत बसवता आला तर १,३६० न्यूटन पुरतात. तेव्हा ऑर्डर करण्याआधी टेप घेऊन मापं काढा. ब्रॅकेट जितकं बिजागरीपासून लांब आणि दांडा जितका उभा, तितकं चांगलं. मात्र ब्रॅकेट लांब नेलं की स्ट्रोकही (दांड्याची सरक) जास्त लागतो.

अंतराचं आणि बॅटरीचं नातं इथे येतं. मोटर जितकी ओढाताण करते तितका जास्त करंट घेते, आणि अर्धमेल्या बॅटरीला नेमका तोच जमत नाही. चांगल्या भूमितीत हा संच ४ ते ५ अँपिअरमध्ये झाकण उचलतो. इतका करंट बऱ्याचदा 'बसलेल्या' बॅटरीतही शिल्लक असतो.

बॅटरी खरंच मेली आहे का

स्टार्टरला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात, लिफ्टला पाच. इंजिन फिरत नाही म्हणून लिफ्टही चालणार नाही असं गृहीत धरू नका. सगळे दिवे, स्टिरिओ, पंप बंद करा, दहा-पंधरा मिनिटं बॅटरीला विश्रांती द्या. मग दोघांनी झाकणाची पुढची कड वर ओढून धरायची आणि तिसऱ्याने स्विच दाबायचा. वजन हातांनी उचललं की मोटरला फक्त स्क्रू फिरवायचा उरतो आणि नऊ-दहा व्होल्टवरही दांडा हळूहळू सरकतो. ही युक्ती फुकट आहे, म्हणून सगळ्यात आधी करावी.

डॅशवरच्या चार्जिंग सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून बघा. पूर्ण भरलेली लेड अ‍ॅसिड बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. १२.४ दाखवत असूनही लिफ्ट मुकी असेल तर दोष बॅटरीचा नाही; फ्यूज, हिरवट पडलेला लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) किंवा स्विच तपासा. पावसाळ्यानंतर कोयनेच्या काठावर उभ्या बोटींत हिरवा लग ही अगदी नेहमीची तक्रार.

संचासोबत येणारी वायरही इथे घात करते. आम्ही पाहिलेल्या संचांत ती ०.७५ चौरस मिलिमीटरची होती. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, पाच अँपिअर: वायरमध्येच सव्वा व्होल्टच्या आसपास गळतो. ११ व्होल्टची दमलेली बॅटरी मोटरपर्यंत १० च्याही खाली पोचते. २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर गळती एकतृतीयांश व्होल्टवर येते. कल्हई केलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या, साधी तार ओलाव्याने आतून काळी पडते. खोक्यातली वायर घरी बागेतल्या दिव्याला वापरा.

बाहेरून बारा व्होल्ट देणं

बॅटरी पूर्ण गेली असेल तर लिफ्टच्या मोटरला बाहेरून वीज द्यायची. ३०० मिलिमीटर स्ट्रोक, सेकंदाला ८ मिलिमीटर वेग, म्हणजे चाळीस सेकंदांच्या आत काम संपतं. पाच अँपिअरने तेवढा वेळ म्हणजे ०.०६ अँपिअर-तासही होत नाही. कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी यासाठी भरपूर झाली. ती साताऱ्यात, कऱ्हाडला, सांगलीत कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळते. तीही नसेल तर धक्क्यावर उभी असलेली मोटरसायकल आहेच: सीट काढा, आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह सोडा, ४-५ अँपिअर-तासाची बॅटरी हातात येते. परत बसवताना क्रम उलटा, आधी पॉझिटिव्ह. जीपची बॅटरी मोठी असते, पण जीप काठावर आणि बोट पाण्यात; जंपर केबल तिथपर्यंत पोचत नाही.

मोबाइलवरच्या व्हिडिओंत नऊ व्होल्टची चौकोनी सेल जोडून झाकण उघडताना दाखवतात. रिकामा अ‍ॅक्च्युएटर टेबलावर कदाचित हलेलही, झाकणाखाली नाही. त्या सेलमधून पाच अँपिअर निघतच नाहीत. आणि ड्रिल मशिनची १८-२० व्होल्टची बॅटरी लावण्याचा मोहही टाळा.

वीज द्यायची कुठे, हा खरा मुद्दा. डॅशच्या सॉकेटमधून उलटी वीज आत ढकलू नका. ती आधी मेलेल्या बॅटरीत ओतली जाते, सॉकेटचा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज उडतो आणि लिफ्टपर्यंत काही पोचत नाही. त्याऐवजी रॉकर स्विच पॅनेलमधून बाहेर ओढा. मागे सहा पाकळ्या असतात. कोपऱ्यातल्या चार पाकळ्यांना फुलीसारख्या आडव्या तारा जोडलेल्या असतात, तिथे पुरवठा येतो. मधल्या दोन पाकळ्यांवरून मोटरकडे वायर जातात. काही मिस्त्री उलटं जोडतात, म्हणून आधी फोटो काढून ठेवा आणि वायर कुठे जाते ते हाताने चाचपून बघा. मोटरच्या दोन्ही वायर स्विचवरून काढा आणि त्यांना थेट बाहेरची बॅटरी जोडा, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज ठेवून. बोटीची मूळ बॅटरी आता चित्रातच नाही.

आता लिमिट स्विचची गोष्ट. वायर उलट्या लागल्या तर मोटर खाली जाऊ बघते, पण खालचा स्विच आधीच उघडा आहे. म्हणून काहीच होत नाही. ना आवाज, ना ठिणगी. इथे बरेच जण मोटर जळाली असं समजून हताश होतात. वायरची अदलाबदल करा, झाकण उठेल.

लिथियमच्या जंप स्टार्टरबद्दल एक सावधगिरी. त्याचे 'स्मार्ट' चिमटे समोर एखाद-दोन व्होल्ट तरी असल्याशिवाय वीज सोडत नाहीत. मोटरच्या मोकळ्या वायरवर शून्य व्होल्ट असतात, त्यामुळे पॅक पूर्ण भरलेला असूनही लाल दिवा दाखवून गप्प बसतो. त्यावर 'बूस्ट' किंवा सक्तीचं बटण असेल तर ते दाबून धरावं लागतं, पण त्या वेळी उलट्या जोडणीपासूनचं संरक्षण बंद होतं. पॅकला वेगळा गोल बारा व्होल्टचा आउटपुट असेल तर तोच वापरा, भानगड राहत नाही. इंजिन सुरू करायला मात्र हा पॅक उत्तम; फक्त तो बोटीत अशा ठिकाणी ठेवा जिथे झाकण न उघडता हात जाईल. झाकणाखालीच ठेवणारेही महाभाग आहेत.

रिमोटचा संच नको

रिमोटच्या संचात रिलेची पेटी मोटरजवळ, म्हणजे झाकणाखालीच बसते. स्विचपाशी मोटरची वायर येतच नाही, मग बाहेरून वीज द्यायला जागाच उरत नाही. शंभर मीटरवरून झाकण उघडायची गरज कोणाला पडते, कोण जाणे. साध्या रॉकर स्विचचा संच घ्या, पैसेही वाचतात.

बसवतानाच करायच्या दोन गोष्टी

संच दोन सुधारणांसह बसवला तरच आम्ही त्याला पास करू.

पहिली, आणीबाणीचं सॉकेट. सोलर पॅनेलला येतो तसा रबरी टोपीचा दोन पिनी कनेक्टर चालकाच्या बाजूला, पाण्याचा फवारा येणार नाही अशा जागी बसवा. तिथून १० अँपिअरच्या फ्यूजमधून वायर रॉकर स्विचच्या पुरवठ्यापर्यंत आणा आणि मध्ये 'मेन / बाहेरचा' असा चेंजओव्हर स्विच टाका. चेंजओव्हर न टाकता दोन्ही वायर एकत्र जोडल्या तर बाहेरच्या बॅटरीची वीज पुन्हा मेलेल्या बॅटरीकडेच धावते. ही चूक बसवणारे मिस्त्री सर्रास करतात, कारण बॅटरी चांगली असताना तपासलं की सगळं व्यवस्थित चालतं. यूपीएसच्या बॅटरीला जोडीचा कनेक्टर लावून ठेवला की अंधारातही जोडता येतं.

दुसरी, पिन बाहेरून ओढता येण्याची सोय. खोक्यातल्या क्लेव्हिस पिनेला स्प्लिट पिन असते, ती पक्कड घेऊन आतूनच काढावी लागते. वरच्या ब्रॅकेटला त्याऐवजी त्याच जाडीची, कडी असलेली बॉल-लॉक पिन घाला. तिची खटकी कडीच्या बाजूच्या टोकाशी असलेलं बटण दाबलं की सुटते. काही प्रकारांत मात्र बटणाशिवाय नुसतं ओढून सुटणारी चेंडूची खटकी असते, आपल्याला तीच हवी. कडीला सायकलच्या ब्रेकची केबल बाहेरच्या नळीसकट बांधून बैठकीखालच्या कप्प्यात आणा. स्टीलची वायर मिळाली तर बरं, साधी केबल दोन पावसाळ्यांत गंजून नळीतच चिकटते. वर्षातून एकदा ग्रीस.

पिन ओढायची वेळ आली की ती सहसा पहिल्या झटक्यात येत नाही. कारण दांडा पूर्ण खाली गेलेला असतो आणि झाकणाला रबरावर दाबून धरतो, त्या ताणात पिन अडकते. एकाने झाकणावर बसायचं, रबर दबलं की ताण जातो, मग दुसऱ्याने केबल ओढायची. पिन सुटली की झाकण मोकळं. पुढच्या कडेला हातांवर साधारण वीस किलो येतात. दोघांनी उचला आणि आत हात घालण्याआधी लाकडी टेकू लावा. आता झाकणाला धरून ठेवणारं काहीच नाही, हे विसरू नका.

ज्यांनी संच आधीच बसवला आहे आणि केबल नाही, त्यांच्यासाठी उरतो एकच सभ्य मार्ग: बैठकीमागच्या पडदीत, खालच्या ब्रॅकेटच्या समोर, १५० मिलिमीटर व्यासाचं आट्यांचं गोल तपासणी-झाकण बसवणं. कोपरापर्यंत हात जातो, पक्कडही जाते. ओ-रिंग असलेलंच घ्या, इंजिनाची वाफ प्रवासी बसतात तिथे यायला नको. तेही नसेल तर बिजागरीचे स्क्रू बाहेरून दिसतात का बघा. ते काढून झाकण मागच्या बाजूने थोडं वर करता येतं आणि फटीतून पिन गाठता येते. काम किचकट आहे, झाकणाची कड खरचटते, पण पहारीपेक्षा कैक पटीने बरं.

पेट्रोल इंजिन असेल तर

इथे आमचं मत सरळ आहे: घेऊ नका. या संचावर आयपी ६५ किंवा ६६ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धूळ आणि पाण्याचे फवारे आत जात नाहीत एवढाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती इंजिनाच्या खोलीत तळाशी साठते आणि कार्बन ब्रशची मोटर चालताना आत ठिणग्या पडतात. पेट्रोल इंजिनाच्या खोलीत बसवायच्या विजेच्या वस्तू 'इग्निशन प्रोटेक्टेड', म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणाऱ्या, असाव्या लागतात; या स्वस्त संचांवर तसं कुठेही छापलेलं आम्हाला दिसलं नाही. त्यात बॅटरी बसलेली असेल तर खोलीतली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअरही बंद असतो. अशा वेळी कोणतीही जोडणी करण्याआधी वास घ्या. वास आला तर वीज जोडायचीच नाही. पिन ओढून हाताने झाकण उघडा आणि हवा खेळू द्या. डिझेलला हा धोका पुष्कळ कमी. तरी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून जंपर केबलचा शेवटचा चिमटा बॅटरीवर नको, इंजिनाच्या लोखंडावर लावा.

झाकण उघडल्यावर

बॅटरी पुन्हा जिवंत होऊन इंजिन सुरू होईपर्यंत झाकण बंद करू नका. हसू येईल, पण स्विच चालतो का हे बघायला उत्साहाने झाकण खाली घेऊन पुन्हा अडकणारे कमी नसतात. मग बॅटरी का बसली ते शोधा. जूनपासून पर्यटन थांबतं, बोटी काठावर ताडपत्रीखाली जातात, आणि तळात साठलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की तरंगून आपोआप चालू होणाऱ्या) थेट बॅटरीला जोडलेला राहतो. फ्लोटखाली पान किंवा प्लास्टिक अडकलं की ३ अँपिअरचा पंप १०० अँपिअर-तासाची बॅटरी दीड दिवसात कोरडी करतो. बोट काठावर असेल तर तळाचा बूच काढून ठेवा आणि बॅटरी घरी न्या. पाण्यातच ठेवायची असेल तर पंपासाठी छोटी वेगळी बॅटरी आणि सोलर पॅनेल द्या.

घ्यावा की नाही

डिझेल इंजिन, ३०-४० किलोचं झाकण, ब्रॅकेटला पुरेशी जागा आणि वरच्या दोन्ही सुधारणा करायची तयारी, असं सगळं असेल तर संच कामाचा आहे. मोटर शांत चालते, उघडं झाकण लाटांतही हलत नाही, आणि एकट्या चालकाला तेल बघता येतं. पाचपैकी तीन गुण. खोक्यातून काढून जसाच्या तसा बसवला तर एक, आणि पेट्रोल बोटीला शून्य.

झाकण २५ किलोच्या आत असेल तर मोटरच नको. दोन गॅस स्ट्रट आणि एक मजबूत मूठ लावा. वीज लागत नाही, बिघडलं तर मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात डिकीचा स्ट्रट मापाने मिळतो. स्ट्रटचा दाब थंडीत घटतो, दर दहा अंशांना साधारण साडेतीन टक्के; तापोळ्याला डिसेंबरच्या सकाळी झाकण मे महिन्यापेक्षा जड लागतं ते त्यामुळे. म्हणून स्ट्रट निवडताना हिशेब थंडीचा धरा, आणि बोटीत टेकूची काठी ठेवाच.

विक्रेत्याला मागवण्याआधी तीन प्रश्न विचारा: पिनेचा व्यास किती, पूर्ण भाराला करंट किती, आणि मोटर सुटी मिळते का. पहिल्या दोनांची उत्तरं कागदावर नसतील तर दुसरा विक्रेता बघा. तिसऱ्याचं उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं, तेव्हा जुन्या संचाचे ब्रॅकेट आणि स्विच फेकू नका.